कांड्या कुणाच्या नावावर

९ फेब्रुवारी

साडूबुवा,

पार्सल मिळालं. परवा तुमचा फोनही येऊन गेला. हिने उचलला, माझ्या कानाला लावला, मी दोनदा "काय?" म्हणालो, तुम्ही दोनदा काहीतरी ओरडलात आणि मग दोघांनीही ठेवून दिला. उभा जन्म लिफ्टच्या मशीनरूममध्ये मोटारींच्या शेजारी काढला, त्याचं हे फळ. डावा कान आता शोभेला उरलाय आणि उजवा त्याच्या मर्जीने चालतो. मोबाइलवर तुम्ही एक शब्द पाठवता आणि पुढे अंगठा. तेवढ्यावर मशीन बसवता येत नाही. तेव्हा कृपा करून कागदावर लिहा, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

खोक्यातून काय काय निघालं ते सांगतो, काही राहिलं असेल तर कळवा. पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या कांड्या, प्रत्येकीच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा बारीक कंगवा. त्या खोचायची पट्टी, जिला तुम्ही हब म्हणता. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर. आणि बाहुलीच्या घरात शोभेल असा एक पंखा. सोबत तुमची चिठ्ठी: "हब लावा, कांड्या खोचा, वायफाय जोडा, झाली घरच्या घरी बिटकॉइनची खाण सुरू!" अहो, "दोर बांधा, बटण दाबा, झाली लिफ्ट सुरू" असं आम्ही कुणाला सांगितलं असतं, तर माणसं तळमजल्यावर गोळा करावी लागली असती.

आल्यापासून झटतोय. दिवे लागतात, विझतात. टीव्हीच्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावतात आणि अचानक लाल होऊन थांबतात. एक कांडी मेल्यासारखी पडून आहे. दुसरीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. नव्या वस्तूवर नेलपॉलिश कसं आलं?

ही, म्हणजे तुमची ताई, विचारत होती, हे नक्की करतं काय? मला समजलं तसं सांगितलं. एक न दिसणारं कुलूप असतं. जगभरातली यंत्रं अंदाजाने आकडे लावून बघत असतात. ज्याचा आकडा लागला त्याला बक्षीस, की लगेच नवीन कुलूप. ती म्हणाली, "आणि आपला लागेल?" मी म्हटलं, "साडूबुवांनी पाठवलंय, म्हणजे काहीतरी विचार करूनच पाठवलं असेल."

तेव्हा नीट क्रमाने लिहा: आधी काय लावायचं, मग काय. सौ. चिमीला आशीर्वाद.

तुमचा
थोरला साडू


१७ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

नमस्कार. पत्र वाचून चिमी इतकी हसली की मला वाटलं शेजारचे येतील. पण तुमचं खरं आहे, चिठ्ठी मी घाईत लिहिली होती. हल्ली सगळंच घाईत होतं. सकाळपासून या ऑफिसातून त्या ऑफिसात, कुठे झेरॉक्सचं मशीन कागद खातंय, कुठे काळे पट्टे उमटतायत. मी अर्धा दिवस घालवून मशीन उघडतो आणि आत कुणाची तरी टाचणी निघते. वर साहेब म्हणतात, एवढ्यासाठी एवढा वेळ?

असो. तुमचं काम अवघड नाही. हबला वीज भिंतीतल्या प्लगमधून द्या, कॉम्प्युटरमधून नको. या कांड्या दिसायला नाजूक आहेत, पण वीज पैलवानासारखी ओढतात. आधी पंखा सुरू करा, मग हब, मग एकेक कांडी खोचा. एकीचा हिरवा दिवा स्थिर झाला की दुसरी. लाल अक्षरं म्हणजे इंटरनेट तुटलं. कॉम्प्युटर राउटरच्या जवळ आणा. मेलेली कांडी बाजूला ठेवा, प्रवासात दुखावली असेल.

नेलपॉलिशचं म्हणाल तर तपासणी झाली की कारखान्यात अशी काहीतरी खूण करत असतील. तुम्ही त्याकडे लक्ष देऊ नका. खास तुमच्यासाठी मागवलंय सगळं.

बाकीच्या सेटिंगमध्ये हात घालू नका. ते मी इथूनच करून पाठवलंय.

तुमचा
धाकटा


५ मार्च

साडूबुवा,

चालू झालं! तुम्ही सांगितलेल्या क्रमाने लावलं आणि एकेक दिवा असा हिरवा झाला की पाहत राहावं. पडद्यावर आता ओळीमागून ओळ येते आणि प्रत्येकीत 'ॲक्सेप्टेड' असा शब्द असतो. म्हणजे आपला माल पसंत पडतोय. हे कळल्यापासून मी खुर्चीत बसलेलोच नाही.

पण सुखाने चालेल ते यंत्र कसलं? कांड्या एवढ्या तापतात की बोट लावलं की चटका. तो तुमचा बाहुलीचा पंखा फक्त एकीला वारा घालतो, बाकीच्या तशाच भाजत राहतात. मग मी पत्रा कापून त्यांना तिरपी चौकट केली, वाऱ्याला बोगदा केला. छान जमलं. त्याच संध्याकाळी हबनेच मान टाकली. वास आला तो हिला. मी शेजारी बसून होतो, मला पत्ताच नाही. प्लास्टिक वितळून टेबलक्लॉथला चिकटलं. टेबलक्लॉथ आपल्या सासूबाईंनी विणलेला होता. पुढचं तुम्ही ओळखा.

शिवाय हिचं म्हणणं, पंखा सतत कण्हत असतो. मला तर काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, कुठे आवाज आहे? त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते कागदावर उतरवता येणार नाही.

इमारतीच्या दारापाशी आमचा बाक आहे. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक आहेत, औषधाच्या दुकानाचे मालक आहेत. त्यांना सांगितलं, रोज शेकड्याने ॲक्सेप्ट होतायत. आता मला 'खाणमालक' म्हणतात. लिफ्ट कंपनीतून बाहेर पडल्यावर पहिल्यांदाच कुणी मला "आज काय केलंत?" असं विचारतंय, आणि माझ्याकडे सांगायला असतं.

दणकट हब कुठला घ्यायचा ते लवकर लिहा. आणि एक विचारायचं राहिलं. इतके ॲक्सेप्ट झाल्यावर साधारण लागतं कधी? एखादी मर्यादा असेल ना?

तुमचा
थोरला साडू


१२ मार्च

प्रिय भाऊ,

हब सोबत पाठवतोय, धातूचा आहे, वितळणार नाही. टेबलक्लॉथचं ऐकून चिमी हळहळली. तुमच्या पत्र्याच्या चौकटीचा फोटो ताईंनी पाठवला. फारच सुबक. माझ्या ऑफिसात दाखवला, सगळे चकित.

लागतं कधी याचं गणित असं सांगता येत नाही. नशिबाचा भाग असतो. ॲक्सेप्टेड येतंय म्हणजे आपण वाटेवर आहोत असं समजा.

घाईत आहे. एका शाळेची तीन मशीनं एकदम बंद पडली आहेत.

तुमचा
धाकटा


६ एप्रिल

साडूबुवा,

हे पत्र मी याआधी लिहून फाडलं आहे. हे दुसरं.

परवा वीज गेली आणि आली, तेव्हा त्या छोट्या कॉम्प्युटरमधलं कार्ड बिघडलं. तुम्ही कामात असता, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही. वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, पुस्तकांची मुखपृष्ठं करते. चांगली आहे, माझ्याशी बोलताना समोर येऊन सावकाश बोलते. तिला कार्ड दाखवलं. तिने आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि म्हणाली, "हे पुन्हा भरावं लागेल. तुमचा पत्ता काय?" मी घराचा पत्ता सांगितला, मजल्यासकट. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "बक्षीस लागलं तर ते जिथे जमा व्हायचं, तो पत्ता." मी म्हटलं, तो आमच्या साडूंनी घातलेला आहे, जुन्यातून बघ.

तिने जुनी फाइल उघडली. आकड्या-अक्षरांची लांबलचक शेपटी, मग एक टिंब आणि टिंबाच्या पुढे इंग्रजीत 'चिमी'.

"चिमी कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझी मेहुणी."

मग मी तिला सगळं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. या कांड्या केव्हाच्या जुन्या आहेत, आता कुणी बनवत नाही, जगात आज जी यंत्रं चालतात त्यांच्यापुढे या म्हणजे समुद्राशेजारी चमचा. 'ॲक्सेप्टेड' म्हणजे यंत्र चालू आहे याची पोच, बाकी काही नाही. तिने हे वाईट वाटेल अशा पद्धतीने सांगितलं नाही. मला मात्र खाली बाकापर्यंत जाण्याची लाज वाटू लागली आहे. मी त्यांना आकडे सांगत होतो हो. रोज.

मला एवढंच विचारायचं आहे. तुमच्या बायकोच्या नावाने चालणाऱ्या यंत्राची पहारेदारी मी फेब्रुवारीपासून का करतोय?

— थोरला साडू


११ एप्रिल

भाऊ,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घ्याल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत आपल्यात कधी दोन शब्दांची बोलाचाली झाली नाही. चिमीला पत्र दाखवलं, ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिला राग तुमचा आला की माझा, हेही मला कळलं नाही.

तो पत्ता माझा आहे, कबूल. पण त्यामागे काही नाही. तुमच्यासाठी वेगळं खातं उघडायचं, त्याचे गुप्त शब्द तुम्हाला पाठवायचे, तुम्ही ते सांभाळायचे, हरवले तर पुन्हा गोंधळ. एवढा व्याप कशाला, म्हणून होतं तेच राहू दिलं. आणि खरं सांगू का? या कांड्यांना लागण्याची शक्यता इतकी कमी आहे की तिथे माझा पत्ता असता, तुमचा असता, नाहीतर रस्त्यावरच्या कुणाचाही असता, काडीचा फरक पडला नसता. जे येणारच नव्हतं ते मी चोरणार कसं? तुम्हीच शांत डोक्याने विचार करा.

तरी तुमच्या समाधानासाठी पत्ता बदलून नवीन कार्ड पाठवतो. मग तर झालं?

तुमचा
धाकटा


१५ एप्रिल

साडूबुवा,

कार्ड पाठवू नका. सगळं सामान आज पार्सलने परत केलं आहे. पत्र्याची चौकट ठेवून घेतली आहे, ती माझी आहे.

चोरीचा शब्द माझ्या पत्रात कुठेही नव्हता. तो तुम्ही आणलात. तुम्ही चोर असतात तर मला इतकं लागलं नसतं. चोराला निदान वाटतं, समोरच्याकडे काहीतरी आहे. तुम्हाला वाटलं, याला काय लागणार, मग याचा पत्ता तरी कशाला घालायचा?

लांबच्या प्रवासात लहान पोराला खोटं स्टिअरिंग देतात. ते फिरवतं, तोंडाने आवाज काढतं आणि मोठी माणसं कौतुकाने बघतात. मी ते फिरवत होतो. तुम्ही माझ्या चौकटीचा फोटो ऑफिसात दाखवलात म्हणे. सगळे चकित झाले म्हणे.

आणखी एक कळलं. हिला विचारलं, तुला माहीत होतं? ती हो म्हणाली.

यापुढे पत्र नको.


३ मे

चिमीच्या अहोंना अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं, पण बोलायला लागले की मला रडू येतं. यांना ऐकू येत नसलं तरी दिसतं. म्हणून लिहितेय.

मीच तुम्हाला म्हटलं होतं, यांच्या हातात काहीतरी द्या. हातात द्या म्हटलं होतं, हातावर तुरी द्या असं नव्हतं म्हटलं. तरी निम्मी चूक माझी धरा. तुमच्या कांड्या जुन्या आहेत हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मीच म्हणाले, त्यांना कळू देऊ नका, नाहीतर हात लावणार नाहीत. मला वाटलं रमतील. रमले होतेही.

नोकरी कशी सुटली ते यांनी तुम्हाला धड सांगितलं नसेल. एका इमारतीत काम चालू होतं. खाली खड्ड्यात यांचा जोडीदार उतरलेला. त्याने "थांबव" म्हणून हाक मारली, ती यांना ऐकू आली नाही. त्याने स्वतः अंग चोरलं म्हणून वाचला, खरचटलंसुद्धा नाही. त्याची काही तक्रारही नव्हती. पण कंपनीने हार घातला, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून हे खिडकीकडे पाठ करून बसायचे. माणसं यांना सांभाळून घ्यायला लागली, तेच यांना सोसत नाही. ऐकू न येण्यापेक्षाही ते जास्त. आणि आपण दोघांनी नेमकं तेच केलं.

आता पुन्हा खुर्ची. बाकावर जात नाहीत. वरची मुलगी दोनदा येऊन गेली, "झोपलेत" म्हणून सांगायला लावलं. जेवताना ताटाकडे बघतात. माझ्याशी बोलतात ते कामापुरतं, "मीठ" आणि "दार". पंखा गेला याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू? त्या कण्हण्याने माझं डोकं उठायचं. पण या शांततेने मला वेड लागेल.

आणि तुमचाही राग आला आहे, तो लिहूनच टाकते. तुम्ही यांना उलट गणित शिकवायला निघालात. येणारच नव्हतं तर चोरणार कसं म्हणे. एवढं शहाणपण कुठल्या मशीनमध्ये अडकलं होतं?

येऊन जा. पार्सल नको, फोटो नको. स्वतः या.

ताई


१८ मे, तुमच्याच टेबलावर बसून

भाऊ,

तुमच्यासमोर बसून लिहितोय, कारण सकाळपासून मी तीनदा बोलायला सुरुवात केली आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत. ऐकू येत नाही ते समजू शकतो. पण तुम्ही मान फिरवलीत की माझ्याकडे काही उपायच उरत नाही. ताईंनी हे कोरे कागद आणून दिले आणि त्या शेजारी निघून गेल्या.

या कांड्या मी तुमच्यासाठी मागवल्या नव्हत्या. माझ्या होत्या. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

त्याच कागदावर, थोरल्याच्या अक्षरात:

चहा गार होतोय. घ्या. अक्षर सुधारा, शेवटची ओळ लागत नाही.

धाकटा:

शेवटची ओळ: लाज वाटली.

थोरला:

कशाची?

धाकटा:

बरीच वर्षं झाली. झेरॉक्सच्या कामाला मी वैतागलो होतो. दुसऱ्यांच्या मशीनमधून टाचण्या काढत म्हातारा होईन असं वाटायचं. कुठेतरी वाचलं, घरी बसून असं करता येतं, आणि या कांड्या घेतल्या. चिमीला सांगितलं, लागलं की आपलं छोटंसं दुकान काढू, ते तुझ्या नावावर. म्हणून टिंबापुढे तिचं नाव घातलं. कुठली कांडी आधी घेतली ते कळावं म्हणून नेलपॉलिशचा ठिपका तिनेच दिला. मी घरी आलो की आधी पडदा बघायचो, मग तिला. एकदा तिची आई आजारी होती, ती मला काहीतरी सांगत होती आणि मी आकडे बघत होतो. त्या दिवशी तिने सगळं उपटून खोक्यात भरलं. टाकून दे म्हणाली. मला टाकवलं नाही. मग ताई म्हणाल्या, भाऊंना काहीतरी द्या. मला वाटलं, बरं झालं. माझं खूळ तुमच्याकडे आलं, म्हणजे मला ते माझं म्हणावं लागणार नाही.

थोरला:

रोज वाटायचं का, लागेल म्हणून?

धाकटा:

रोज. दुसऱ्यांच्या ऑफिसात गुडघ्यावर बसून शाई पुसताना तर फारच.

थोरला:

मलाही वाटायचं. हिला सांगितलं नाही, पण वाटायचं. लागलं तर काय करायचं तेही ठरवलं होतं. कंपनीसमोरून एकदा नव्या कपड्यात चालत जायचं. एवढंच. हसू नका.

धाकटा:

हसत नाही.

थोरला:

पिशवीत काय आहे?

धाकटा:

कांड्या. तुम्ही परत केलेल्या, हब आणि कॉम्प्युटरसकट. ताई नको म्हणाल्या होत्या, तरी आणल्या.

थोरला:

ठेवायच्या की न्यायच्या ते मी ठरवीन. तुम्ही नाही, तुमची ताई नाही. आधी खरं लिहा. लागण्याची शक्यता किती?

धाकटा:

शून्य नाही. पण शून्याला इतकी खेटून आहे की तुमच्या-माझ्या आयुष्यात तो फरक दिसणार नाही.

थोरला:

हे फेब्रुवारीत लिहिता आलं असतं.

धाकटा:

हो.

थोरला:

मोठ्या अक्षरात लिहा. चष्मा आत आहे.

धाकटा:

हो. फेब्रुवारीत लिहिता आलं असतं. लिहायला हवं होतं.

थोरला:

मुक्काम करा. तुमची गाडी आता तशीही चुकली. आणि तुमच्या ताईला शेजारून बोलावून आणा, ती तिथे दाराला कान लावून उभी असेल. तिला चांगलं ऐकू येतं.


३० जून

साडूबुवा,

खुशाली कळवतो, म्हणजे तक्रारी कळवतो.

तुम्ही गेल्यावर आठवडाभर पिशवी दाराशी तशीच होती. मी ठरवत होतो. मग एका सकाळी उघडली. वरच्या मुलीला बोलावलं, तिला आधी सांगितलं की इतके दिवस मी झोपलेलो नव्हतो, रुसलो होतो. ती म्हणाली, माहीत होतं. आम्ही दोघांनी बसून माझा पत्ता तयार केला. टिंबापुढे काय नाव घालू विचारत होती. मी म्हटलं, काही नको, नुसता पत्ता पुरे. तो टंकताना मी दोन अक्षरं चुकवली आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. तिने एकदाही "राहू द्या, मी करते" म्हटलं नाही. शहाणी मुलगी आहे.

आता तक्रारी. तुमचा धातूचा हब वितळत नाही, पण त्याची वायर तापते. जाड वायर पाठवा. इंटरनेट दुपारी जातं आणि कंपनीवाले फोनवरच तक्रार घेतात, म्हणजे माझी तक्रार ते ऐकणार आणि त्यांचं उत्तर मी ऐकणार नाही. आणखी एक कांडी मेली. तिला उघडून बघितलं, आत हात घालण्यासारखं काही नाही, सगळं एकाच काळ्या टिकलीत कोंबलेलं. आमच्या काळी बिघडलेली वस्तू कुठे बिघडली ते तरी दाखवायची. हिने नियम काढलाय, यंत्र दुपारच्या चहापर्यंतच, नंतर बंद. वाद घालून पाहिला. हरलो.

बाकावर गेलो. सगळ्यांना सांगितलं, मी जे आकडे सांगत होतो त्यांना काही अर्थ नव्हता, हे लागणारं यंत्र नाही. बँकवाले म्हणाले, मग चालवता कशाला? चिडून वर आलो आणि दिवसभर चिडलेलाच होतो.

पण गेल्या मंगळवारी काय झालं ते सांगतो. वरची मुलगी धावत खाली आली. तिने मोबाइल पुढे केला. कुणा हौशी माणसाला, अशाच कसल्याशा लहान यंत्रावर लागलं म्हणे; नाव नव्हतं, नुसता पत्ता. मी पडद्याकडे धावलो, खुर्चीला अडखळलो, चष्मा सापडेना, ही "काय झालं, काय झालं" करत मागे. मुलीने पत्ता ताडून पाहिला. एकेक अक्षर. तिसऱ्या अक्षरालाच कळलं, आपला नाही.

साडूबुवा, मला असा राग आला म्हणून सांगू! टेबलावर हात आपटला. त्या कुणा अनोळखी माणसाला शिव्या दिल्या, त्याने माझं काय बिघडवलं होतं कोण जाणे. हिने पाणी दिलं, ते मी घेतलं नाही. मुलगी घाबरून म्हणाली, "काका, तुम्हाला तर माहीत होतं ना, आपल्याला लागणार नाही म्हणून?"

मी म्हटलं, माहीत होतं. अजून आहे. पण साडूंच्या पत्त्यावर चालत होतं तेव्हा जे लागत नव्हतं, ते दुसऱ्याचं होतं. आता जे लागत नाही, ते माझं आहे.

वायर लवकर पाठवा.

तुमचा
थोरला साडू